वस्त्रगाळच्या पुढे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी देवळाली कॅम्पात राहतो. आमच्या गावाने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे. ‘डूलॅली’. डोकं फिरलेला, भ्रमिष्ट माणूस, असा त्याचा अर्थ. ब्रिटिशांच्या काळात भारतातली नोकरी संपलेले गोरे सैनिक आमच्या छावणीत आणून ठेवले जात आणि विलायतेला जाणारी बोट मिळेपर्यंत त्यांना इथे थांबावं लागे. काम नाही, वरून ऊन आणि ताप. थांबून थांबून त्यांचं डोकं फिरे. त्यावरून ‘देवळालीचा ताप’ असा वाक्प्रचार पडला आणि पुढे त्याचा ‘डूलॅली’ झाला.

आज ही आठवण काढण्याचं कारण असं, की थांबून राहिलं की बिघडतं ही गोष्ट माणसापेक्षा फळाला जास्त लागू आहे. माणूस महिनाभर तरी दम धरतो, फळाचा रस दोन दिवसही धरत नाही. देशातली पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी आमच्याच देवळाली स्टेशनातून बिहारमधल्या दानापूरला निघाली, त्यामागची घाईसुद्धा हीच होती. माल थांबता कामा नये. पण रस थांबवता येईल का? तोही न उकळता, न शिजवता, केवळ गाळून? आज मी याविषयी बोलणार आहे. हा विषय माझ्या घरात एकदा फार महागात पडता पडता राहिला, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

२०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. माझी थोरली बहीण निफाड तालुक्यात दिली आहे. ऐन तोडणीच्या तोंडावर बागेवर गारा पडल्या. घड फुटले, मणी चिरले, खाली द्राक्षांचा सडा पडला. व्यापाऱ्याने अर्थातच पाठ फिरवली. चौथ्या दिवशी माझा भाचा पिक-अप भरून क्रेट घेऊन आमच्या दारात हजर. म्हणाला, “मामा, तुम्ही जन्मभर रसायनशास्त्र शिकवलंत. ह्याचा रस काढून टिकवायचा कसा, तेवढं सांगा.”

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे हे खरं. पण वर्गात शिकवणं वेगळं आणि फुटलेल्या द्राक्षांचे क्रेट अंगणात असताना उत्तर देणं वेगळं. आम्ही घरच्या पद्धतीने सुरुवात केली. निम्मा रस उकळला. तो टिकला, पण त्याला काकवीसारखा शिजल्याचा वास आला आणि रंग चहासारखा झाला. उरलेला निम्मा न उकळता धुतलेल्या मलमलीतून दोनदा गाळला, अगदी वस्त्रगाळ केला आणि बाटल्यांत भरून बुचं घट्ट लावून पडवीत ठेवला. तिसऱ्या रात्री पहिलं बुच उडालं. पाठोपाठ दुसरं. त्यानंतर एक बाटलीच फुटली. छावणीच्या गावात रात्री आवाज झाला की लोक जागे होतात. आमच्या तोफखान्याच्या सरावाची शेजाऱ्यांना सवय आहे, पण हा आवाज पडवीतून आल्यामुळे ते बॅटरी घेऊन आले.

श्रोते हो, त्या बाटल्यांत काय झालं होतं? द्राक्षाच्या सालीवर जो पांढुरका थर दिसतो, तिथे आणि विशेषतः चिरलेल्या मण्यांवर यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव असतात. रस गोड. साखर मिळाली की यीस्ट तिचं मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू करतं. वायू कोंडला की बुच उडतं. आम्ही मलमलीतून गाळला होता, पण यीस्टच्या दृष्टीने मलमल म्हणजे गावाची वेस. आकडे पाहा. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. यीस्टची पेशी सुमारे ५ मायक्रॉन, जिवाणू साधारण १ मायक्रॉन. मलमलीचं छिद्र केसापेक्षाही मोठं. त्यातून यीस्ट दिंडीसारखं रांगेने गेलं.

मग मलमलीपेक्षा बारीक गाळणी का नको? हा प्रश्न आपल्याच मनात येतो असं नाही, तो जुना आहे. आपल्याकडे पाणी निवळायला निवळीचं बी माठाच्या आत घासायची पद्धत होती, तुरटी फिरवायची पद्धत आजही आहे. गुऱ्हाळात उसाच्या रसात भेंडीचं चिकट पाणी घालतात आणि वर आलेली मळी काढून टाकतात. या सगळ्यात गढूळ कण एकमेकांना चिकटवून जड करायचे आणि खाली बसवायचे किंवा वर आणायचे, ही युक्ती आहे. कारखान्यांत सफरचंदाचा किंवा द्राक्षाचा रस निवळताना हेच केलं जाई. आधी पेक्टिनेज नावाचं विकर घालून रसातलं पेक्टिन तोडायचं. पेक्टिन म्हणजे जॅम घट्ट करणारा पदार्थ, तोच रसाला गढूळ ठेवतो. नंतर बेंटोनाइट नावाची माती आणि जिलेटिन घालून साका खाली बसवायचा आणि शेवटी किझलगूर नावाच्या पांढऱ्या भुकटीच्या थरातून रस गाळायचा. यात दिवस जातो. साक्याबरोबर रसही वाया जातो. किझलगूरची धूळ कामगारांच्या छातीला अपायकारक. आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं, हे आपल्याकडच्या शाकाहारी गिऱ्हाइकाला कळलं की तो बाटली परत करतो.

हे झालं निवळण्याचं. टिकवण्याचा मार्ग मात्र उष्णतेचाच होता. १८६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्याने द्राक्षरसाच्या बाटल्या गरम पाण्यात ठेवून त्यातलं यीस्ट मारलं. चर्चमधल्या विधीसाठी त्याला मद्यार्क नसलेला द्राक्षरस हवा होता. लुई पाश्चर यांचं संशोधन त्याने स्वयंपाकघरात आणलं, असं म्हणायला हरकत नाही. आजही बहुतेक रस ८५ ते ९५ अंश सेल्सिअसला काही सेकंद तापवूनच भरले जातात. आम्ही मात्र पातेल्यात पाऊण तास उकळला होता. काकवी होणारच.

आता पडद्याच्या गाळणीकडे येतो. १७४८ साली फ्रान्समध्ये आबे नोले या धर्मगुरू-वैज्ञानिकाने मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडाला डुकराचं मूत्राशय बांधलं आणि भांडं पाण्यात बुडवलं. पाणी आत शिरत गेलं आणि पडदा टम्म फुगला. पडदा काहींना आत सोडतो आणि काहींना अडवतो, हे त्यातून दिसलं. १८८४ साली पाश्चर यांच्याच प्रयोगशाळेत चार्ल्स शांबरलांनी भाजलेल्या चिनी मातीची, जिवाणू अडवणारी गाळणी तयार केली. १९१८ च्या सुमारास रिचर्ड झिगमोंडी यांनी सेल्युलोजच्या संयुगापासून ठरावीक छिद्रांचे पातळ पडदे बनवले. त्यांना पुढे १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. जर्मनीत १९२७ पासून असे पडदे विक्रीला येऊ लागले. पण ते फार हळू गाळत. ती अडचण सोडवण्यात एका भारतीयाचा वाटा आहे, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तमिळनाडूत जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन आणि त्यांचे सहकारी सिडनी लोब यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६० च्या सुमारास असा पडदा तयार केला, की त्याचा वरचा गाळणारा थर अतिशय पातळ आणि खालचा आधाराचा थर सच्छिद्र. त्यामुळे पडदा मजबूत राहिला आणि वेगही वाढला. हा पडदा त्यांनी समुद्राचं पाणी गोडं करण्यासाठी केला होता, पण पुढे दूध, रस, औषधं सगळ्यांना तो मार्ग उपयोगी पडला. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने पिण्याच्या पाण्यासाठी असा पडदा चढवलेली मेणबत्ती विकसित केली आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही अशा पडद्यांवर काम झालं आहे.

पडद्यांच्या मुख्य दोन जाती आपल्याला पुरेशा आहेत. पहिली सूक्ष्मगाळणी. तिची छिद्रं साधारण ०.१ ते १० मायक्रॉनची. ०.४५ मायक्रॉनच्या पडद्याने यीस्ट आणि बरेच जिवाणू अडतात. आपल्या नाशिकच्या वाइन उद्योगात याचं महत्त्व फार. वाइनमध्ये थोडी साखर शिल्लक असेल आणि बाटलीत एखादं यीस्ट राहिलं, तर आमच्या पडवीत झालं तेच तिथे होईल. म्हणून बाटलीत भरण्याच्या अगदी आधी असा पडदा लावण्याची पद्धत जगभर आहे. ०.२ मायक्रॉनचा पडदा त्याहून कडक, त्याला निर्जंतुक करणारा पडदा म्हणतात. दुसरी जात अतिगाळणीची. तिची छिद्रं इतकी बारीक, की जंतूच काय, पेक्टिन आणि प्रथिनांचे मोठे रेणूही अलीकडेच राहतात. साखर, आम्लं, क्षार, स्वादाचे लहान रेणू पलीकडे जातात. सफरचंदाचा काचेसारखा पारदर्शक रस आपण पाहतो, त्यासाठी ही पद्धत १९७० नंतर कारखान्यांत येऊ लागली. दिवसाचं काम काही तासांवर आलं. बेंटोनाइट, जिलेटिन, किझलगूर यांची गरज बरीचशी संपली.

हे सगळं मी भाच्याला त्या आठवड्यात सांगितलं आणि तिथेच माझी चूक झाली. पोराने तेवढंच ऐकलं. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला तो एक रंगीत माहितीपत्रक घेऊन. एका विक्रेत्याने त्याला यंत्र दाखवलं होतं. त्याचं म्हणणं, यंत्रातून एकदा रस गेला की वर्षभर टिकतो, तापवायची गरज नाही, द्राक्षं कसलीही चालतात, फुटकी, डागी, सगळी. इसार म्हणून द्यायच्या पैशांसाठी ताईने स्वतःच्या पाटल्या काढून रुमालात बांधून दिल्या होत्या. पोराने तो रुमाल माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, “देऊ ना मामा?”

मी म्हटलं, “दोन आठवडे थांब.”

त्याला राग आला. गारपिटीत बुडालेल्या माणसाला थांब म्हणणं सोपं नसतं. पण मी जुन्या कॉलेजातून सिरिंजला लावायच्या गाळणीच्या काही चकत्या मिळवल्या. एक ०.४५ मायक्रॉनची, बाकीच्या ०.२ च्या. काचेच्या नळ्या आणि बुचं कुकरमध्ये वाफवून घेतली. भाच्याला म्हटलं, “तूच दाब.” त्याने मलमलीतून गाळलेला रस सिरिंजमध्ये घेतला, चकती लावली आणि दट्ट्या दाबला. पाच-सहा थेंब सुरेख पडले, मधासारखे स्वच्छ. मग काहीच पडेना. त्याने दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला, कपाळावर घाम आला, पण थेंब नाही. चकती बुजली होती.

श्रोते हो, पडद्याच्या गाळणीचं खरं शास्त्र इथे सुरू होतं. छिद्र बारीक करणं हा अर्धा भाग, ते उघडं ठेवणं हा उरलेला अर्धा. याला कारखान्यांनी जे उत्तर शोधलं, ते आमच्या दारणेच्या काठावरच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या वापरत आल्या आहेत. पावसाळ्यात नदी गढूळ असते. तेव्हा काठाच्या वाळूत हातभर खोल झिरा उकरतात. नदीचं पाणी पुढे वाहत राहतं, आणि त्यातलं थोडं बाजूने वाळूतून झिरपून झिऱ्यात निवळ होऊन येतं. वाहतं पाणी वाळूवर गाळ साचू देत नाही, बराचसा पुढे घेऊन जातं. कारखान्यातली आडव्या प्रवाहाची गाळणी हेच करते. रस पडद्यावर सरळ ढकलत नाहीत. नळीसारख्या पडद्याच्या आतून तो जोरात, सेकंदाला काही मीटर वेगाने पुढे पळवतात. त्यातला थोडा भाग नळीच्या भिंतीतून बाहेर झिरपतो, तो आपला निवळ रस. बाकीचा पुन्हा फिरवतात. तरीही पडद्यावर हळूहळू चिकट थर बसतोच. म्हणून आधी विकराने पेक्टिन तोडावं लागतं आणि कामानंतर रोज कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने पडदा धुवावा लागतो. त्यासाठी पंप हवा, वीज हवी, चांगलं पाणी हवं आणि धुतल्यावर पडदा पूर्ववत झाला की नाही हे तपासणारा माणूस हवा. रंगीत पत्रकात हा माणूस नव्हता.

आम्ही सात-आठ चकत्या खर्ची घालून चार नळ्या भरल्या. पहिलीत नुसता वस्त्रगाळ रस. दुसरीत ०.४५ चा. तिसरीत आणि चौथीत ०.२ चा. फरक एवढाच, की चौथीचं बुच मुद्दाम वाफवलं नाही, नुसतं नळाखाली धुतलं. नळ्या कपाटात ठेवल्या आणि भाचा निफाडला गेला.

तिसऱ्या दिवशी पहिल्या नळीत फेस आला. दुसरी आणि तिसरी स्वच्छ. आठवड्याने चौथ्या नळीत रसावर कापसासारखी बुरशी धरली. पंधराव्या दिवशी भाचा आला तेव्हा दुसरी आणि तिसरी नळी अजूनही काचेसारखी नितळ होती, पण दोन्हींचा रंग उकळलेल्या रसासारखा तपकिरी झाला होता. तिसरी नळी मी मधे काही दिवस फ्रिजमध्ये ठेवली होती. तिच्या तळाशी चकचकीत खडे दिसत होते. पोराने उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, “मामा, ह्यात काच पडली.”

ती काच नव्हती. पण या चार नळ्यांनी आम्हाला चार गोष्टी शिकवल्या, त्या आपल्यालाही सांगतो.

पहिली गोष्ट, गाळून जंतू खरोखरच काढता येतात. ही थाप नाही. उलट काही बाबतींत गाळणी उष्णतेपेक्षा सरस आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत सफरचंदाचा रस रीतसर तापवूनही बिघडला. कारण निघालं एक आम्लात वाढणारा जिवाणू, त्याची बीजुकं उष्णतेतून वाचतात. आज त्याला अ‍ॅलिसायक्लोबॅसिलस म्हणतात. आकाराने मोठा असल्याने चांगल्या पडद्यात तो अडकतो.

दुसरी गोष्ट, उष्णता आणि गाळणी यांत एक मोठा फरक आहे. आपण रस गरम असतानाच बाटलीत भरला तर बाटली आणि बुचही त्या उष्णतेने शुद्ध होतं. गाळलेला थंड रस मात्र पडद्यापलीकडे जे भेटेल त्याच्या हवाली असतो. टाकी, नळी, बाटली, बुच, हवा, हात, यांपैकी एकही अशुद्ध असलं की चौथ्या नळीची गत. पडदा स्वतःही फाटू शकतो, आणि फाटलेलं छिद्र डोळ्यांना दिसत नाही. त्याची तपासणी कशी करतात? सायकलवाला पंक्चर कसं काढतो, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो, जवळजवळ तसंच. पडदा ओला करून एका बाजूने हवेचा दाब देतात. छिद्रं ठरलेल्या मापाची असतील तर ठरावीक दाबापर्यंत बुडबुडे येत नाहीत. आधीच आले, तर पडदा बाद. आणि ०.२ मायक्रॉनचा पडदा निर्जंतुक करणारा मानायचा, तर पडद्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर एका ठरावीक लहान जिवाणूच्या एक कोटी पेशी सोडून एकही पलीकडे जात नाही, हे कंपनीला दाखवावं लागतं.

तिसरी गोष्ट, रंग. सफरचंद कापून ठेवलं की ते तपकिरी होतं, तसाच द्राक्षाचा रसही होतो. हे काम जंतूंचं नसतं, फळातल्याच विकरांचं असतं. विकर म्हणजे प्रथिनाचे रेणू. ते ०.२ मायक्रॉनच्या छिद्रातून आरामात जातात. त्यांना अडवायचं तर अतिगाळणीचा पडदा हवा, किंवा रस आधी थोडा वेळ तापवून विकर निकामी करायला हवं. म्हणजे ‘तापवायची गरज नाही’ हे वाक्य कोणत्या पडद्याबद्दल आहे, ते विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

चौथी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. जे रसात विरघळलेलं आहे, ते या गाळण्या काढत नाहीत. नळीतले ते खडे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे होते. तो द्राक्षात असतोच, गारव्याने त्याचे स्फटिक होतात. तो निरुपद्रवी आहे, पण गिऱ्हाइकाला काच वाटते, म्हणून रस आधी थंड ठेवून स्फटिक पाडून घ्यावे लागतात. हा निरुपद्रवी क्षार पडद्यातून जातो, तसं उपद्रवीही जातं. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश सापडला आणि निर्यातदारांचे कंटेनर अडकले, हे नाशिककर विसरलेले नाहीत. तो रेणू इतका लहान, की अतिगाळणीचा पडदाही त्याला अडवत नाही. फुटलेल्या, बुरशी धरलेल्या मण्यांत काही बुरशा विषारी द्रव्यं सोडतात. द्राक्षातलं ऑक्राटॉक्सिन हे त्यांतलंच. बुरशी गाळली जाईल, तिने सोडलेलं विष रसात राहील. रस मात्र दिसेल नितळ. वाईट रस गढूळ असला की निदान संशय तरी येतो. नितळ केलेला वाईट रस तेवढीही सूचना देत नाही.

“द्राक्षं कसलीही चालतात,” या वाक्यावर मी बोट ठेवलं तेव्हा भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे गारपिटीचा माल गेलाच.” मी म्हटलं, “गेला. तो लोकांच्या पोरांना पाजायचा नाही.” १९९६ साली अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जिवाणूची एक घातक जात पसरली, साठाहून अधिक लोक आजारी पडले आणि एक लहान मुलगी दगावली. आंबट रसात रोगजंतू जगत नाहीत, असा तोवर अनेकांचा समज होता. ही हकीकत मी त्याला तेव्हाच सांगितली. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, “मग नकोच ते.”

विक्रेत्याला आम्ही एकच विनंती केली. इसार घेण्याआधी आमच्याच चांगल्या द्राक्षांच्या पन्नास लिटर रसावर चाचणी करून दाखवा, भरलेल्या बाटल्या आम्ही तीन महिने ठेवून पाहू. आधी तो ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणाला, मग ‘महिनाअखेरीस’. चाचणी झाली नाही. पाटल्यांचा रुमाल ताई घेऊन गेली.

यावरून कुणी असं समजू नये, की पडद्याची गाळणी वाईट किंवा शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची. तसं मला म्हणायचं नाही. योग्य फळ, योग्य पडदा आणि रोज धुणारा, तपासणारा माणूस असेल, तर कमीत कमी उष्णतेत फळाचा खरा स्वाद राखणारी यासारखी दुसरी पद्धत मला माहीत नाही. डाळिंबाचा, काजूच्या बोंडाचा, उसाचा रस यांवरही तिचे प्रयोग झाले आहेत. आमरसाला मात्र तिच्यापासून लांब ठेवा. आमरसाचा गर गाळून नितळ पाणी वाढणाऱ्याला आपल्याकडे दुसऱ्यांदा कुणी जेवायला बोलावणार नाही. द्राक्षाच्या बाबतीत फळाचाही विचार हवा. आपलं थॉमसन खायला उत्तम, रसाला फिकं. रसासाठी म्हणून पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी मेडिका’ ही जात आणि पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने ‘एआरआय-५१६’ ही जात काढली आहे. यंत्राचं पत्रक पाहण्याआधी या जातींची माहिती घ्यावी, असं मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आणि यंत्र पाहायला जाल, तेव्हा चार प्रश्न कागदावर लिहून न्या. पडद्याचं छिद्र किती आणि तो काय अडवत नाही? माझ्या रसावर चाचणी कधी दाखवता? पडदा फाटला की मला कसं कळेल? आणि पडद्यानंतर बाटलीपर्यंत रस कुठून कुठून जातो? यांतल्या एकाचंही उत्तर ‘त्याची काळजी नको’ असं आलं, तर काळजी करा.

भाच्याने पुढच्या हंगामापासून वेगळी वाट धरली. निर्यातीच्या मापात न बसणारे, पण निरोगी मणी तो वेगळे काढतो. त्याच्यासारखे आणखी काही जण एकत्र येऊन ते एका प्रक्रिया कारखान्याला देतात. यंत्र कारखान्याचं, पडदे धुणारा माणूसही कारखान्याचा. फार मोठा नफा नाही, पण क्रेट दारात सडत नाहीत. डागी मणी मात्र तो खतात घालतो, आणि ते घालताना मला फोन करून सांगतो, “मामा, आज एवढे खतात गेले.” तक्रार असते की हिशेब, ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या दिवाळीत ताई आमच्याकडे आली, तेव्हा हातात पाटल्या होत्या. भाच्याने येताना रसाची एक बाटली आणली होती. मी सवयीने ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. ताई म्हणाली, “अरे, आता तपासतोस काय? पी की.”

प्यायलो. द्राक्षासारखी चव होती.